अर्बिट: जुन्या लॅपटॉपवर स्वतःचा सर्व्हर सुरू केला, पण मिरजेला निरोप पोचेनात (सांगली)

गावभाग

नमस्कार. प्रश्न शेवटी आहे. आधी थोडं सांगते, नाहीतर हा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही.

आमच्या गल्लीची पावसाळ्यात एक वही असते. आयर्विन पुलाजवळची पातळी, कोयनेतून किती पाणी सोडलं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचं सामान अजून वर चढवायचं राहिलंय, असं सगळं तिच्यात असतं. पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ती वही तळमजल्यावरच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर हाताला लगदा लागला. पुढच्या वर्षापासून आम्ही एका फुकट ऑनलाइन सेवेवर नोंदी ठेवायला लागलो. मग एक दिवस ते खातं बंद झालं. कारण कळवलं नाही, मेलला उत्तर आलं नाही, आणि चार पावसाळ्यांच्या नोंदी पुन्हा दिसल्या नाहीत.

म्हणून या वेळी ठरवलं की वही आपल्या मशीनवर आणि आपल्या नावावर असेल. शोधता शोधता अर्बिट सापडलं: प्रत्येकाने आपल्या मशीनवर आपल्या नावाने चालवायचा छोटा सर्व्हर, आणि असे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. मी जमाखर्चाची कामं करते आणि घरी सात-आठ वर्षं लिनक्स वापरते. त्यामुळे काळ्या पडद्याची भीती नाही, पण सर्व्हर कधी चालवला नव्हता.

सुरुवात वाटली त्यापेक्षा सोपी होती. एकच फाइल उतरवायची, खोलायची आणि चालवायची. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितेय, टंकताना अर्थातच रोमनमध्ये.) 'अर्बिट', मग 'वजा सी', मग हव्या त्या फोल्डरचं नाव. 'सी' म्हणजे कॉमेट, धूमकेतू. कुणाकडे काही न मागता मिळणारी ही फुकट ओळख. मशीन किल्ल्यांच्या (गुप्त आकड्यांच्या) जोड्या पाडत बसतं आणि एखाद्या ताऱ्याखाली (अर्बिटमधल्या वरच्या पायरीच्या नावाखाली) बसणारी जोडी मिळाली की थांबतं. माझ्या जुन्या लॅपटॉपला बराच वेळ लागला, पंखा जोरात फिरत होता. मग सोळा अक्षरगटांचं लांबलचक नाव पडद्यावर आलं आणि त्याखाली डोजो, म्हणजे आज्ञा लिहायची जागा.

तिथे '+कोड' लिहिलं की पासवर्ड मिळतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८०८० उघडून तो दिला की आत. ॲप्स नेटवर्कवरून हळूहळू उतरली. ग्रुप्समध्ये गट केला, त्यात एक नोटबुक काढलं आणि मिरजेच्या मैत्रिणीला बोलावलं. तिनेही धूमकेतू सुरू केला होता. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं.

गेल्या रविवारी लॅपटॉपवरचा अख्खा फोल्डर एका छोट्या बोर्डावर (तळहाताएवढ्या संगणकावर) कॉपी केला, वीज कमी लागेल म्हणून. तिथे सुरूही झालं. पण तेव्हापासून मी लिहिलेलं मिरजेला पोचतच नाही. तिचं मला दिसतं तेही अर्धवट. 'हाय' पाठवून बघितलं, उत्तर नाही. राउटर दोनदा बंद-चालू केला. काय बघू?

मिरजेची_तार

ती मैत्रीण मीच. माझ्याकडे रविवारी दुपारपर्यंतच्या नोंदी आहेत, नंतर काहीच नाही. माझं मशीन हललेलं नाही, नेटही तेच आहे. बाकी सगळ्यांचे निरोप मला येतात, फक्त हिचे येत नाहीत.

हळदपेठ

ताई, हेतू चांगला आहे, पण साधन अवघड निवडलंय असं मला वाटतं. घरच्या सर्व्हरसाठी युनोहोस्ट आहे, फ्रीडमबॉक्स आहे. दोन्ही डेबियन लिनक्सवर उभे, दोन्ही दहा वर्षांहून जुने. नेक्स्टक्लाउड टाका, त्यात टिपणं, कॅलेंडर, फायली सगळं येतं. बिघडलं तर विचारायला शंभर माणसं आहेत. अर्बिट म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळं नवं: त्यांची भाषा वेगळी (हून), तिच्याखालचं यंत्र वेगळं (नॉक), नेटवर्कची रीत वेगळी. आवृत्त्यांचे आकडेसुद्धा उलटे, शून्याकडे उतरत जाणारे. पुरासारख्या कामाला प्रायोगिक वस्तू वापरू नये.

गावभाग

तुमचं म्हणणं मनावर घेतेय. नेक्स्टक्लाउड मी आधी लावून पाहिलं होतं. ते चालतं, पण बाहेरून पोचायला स्वतःचं डोमेन लागतं, प्रमाणपत्र लागतं, आणि माझ्या नेटवाल्याकडून स्थिर पत्ता मिळत नाही. शिवाय त्यात सगळ्यांची खाती माझ्या मशीनवर. म्हणजे मी त्या गल्लीची कंपनी झाले. मला ते नको होतं. अर्बिटमध्ये प्रत्येकाचं मशीन आपापलं आणि नाव आपापलं.

माहुली_संगम

साताऱ्याहून लिहितोय. मी चार वर्षं ग्रह (मालकीचं, कायमचं नाव) चालवतोय, एक ताराही आहे, ज्याच्याखाली ग्रह काढता येतात. ताई, एकच विचारतो. बोर्डावर सुरू केल्यावर लॅपटॉपवरचं बंद केलं होतं का? आणि नंतर लॅपटॉपवर पुन्हा कधी सुरू केलंत का?

गावभाग

बंद केलं नव्हतं. कॉपी होताना चालूच होतं. बोर्डावर सुरू झालं म्हटल्यावर रात्री लॅपटॉपचं बंद केलं. सोमवारी बोर्ड मंद वाटला म्हणून एकदा लॅपटॉपवर उघडून नोंद लिहिली, मग परत बोर्डावर.

माहुली_संगम

मग दुखणं तेच. नीट समजावून सांगतो, कारण अर्बिटमध्ये हे एक समजलं की बाकी सगळं सरळ होतं, आणि सुरुवातीला ते ठळकपणे कुणी सांगत नाही.

तुम्ही जमाखर्च बघता ना, तर पावतीपुस्तक डोळ्यांसमोर आणा. तुमचं जहाज (अर्बिटवाले चालू सर्व्हरला जहाज म्हणतात, आणि ज्या फोल्डरात ते असतं त्याला पियर, म्हणजे धक्का) प्रत्येक ओळखीच्या जहाजासाठी वेगळं पावतीपुस्तक ठेवतं. मिरजेला पाठवलेला पहिला निरोप क्रमांक १, पुढचा २. मिरजेचं जहाजही तेच लिहून ठेवतं: हिच्याकडून ४० पर्यंत आले, पोच दिली.

आता तुम्ही पुस्तकाची छायाप्रत काढलीत आणि दोन्ही पुस्तकांवर पावत्या फाडायला लागलात. लॅपटॉपने ४१ पाठवली, मिरजेने घेतली, पोच दिली. बोर्डाला याचा पत्ता नाही. त्यानेही स्वतःची ४१ पाठवली, मजकूर वेगळा. मिरज म्हणते, ४१ तर आली आहे, आणि ती बाजूला टाकते. पुढे दोन्ही बाजूंचे हिशोब जुळणं शक्य नाही. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी हे सुटणार नाही, कारण नेटला काही झालेलंच नाही.

म्हणून नियम असा: एक पियर एका वेळी एकाच मशीनवर. हलवायचं असेल तर डोजोमध्ये '|एक्झिट' देऊन पूर्ण बंद करायचं, मग फोल्डर नव्या मशीनवर न्यायचा, आणि नव्यावर सुरू करण्याआधी जुन्यावरचा फोल्डर पुसून टाकायचा. पुसायला हात धजत नाही, माहीत आहे. तरी पुसायचा.

आणि याच कारणाने, पियरचा जुना बॅकअप परत लावणंही तितकंच वाईट. तुम्ही ३० व्या पावतीवर मागे जाता, जग ४० वर आहे. आपल्याला सवय असते की बॅकअप म्हणजे तारणहार. इथे नोंदवलेल्या मजकुराची प्रत हवी तेवढी ठेवा, पण जहाजाची प्रत लावू नका.

मिरजेची_तार

दादा, आता दुरुस्त कसं करायचं?

माहुली_संगम

ग्रह असता तर मार्ग होता. ग्रहाची मालकी इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या अझिमथ नावाच्या नोंदवहीत असते. तिथे जाऊन 'फॅक्टरी रीसेट' करता येतं. त्याने सगळ्या नेटवर्कला कळतं की या जहाजाने नवी पावतीपुस्तकं काढली आहेत, जुने आकडे विसरा. नाव तेच राहतं. जहाजावरचा मजकूर जातो.

धूमकेतूची नोंद कुठेच नसते. त्याचं नावच त्याच्या किल्लीतून आलेलं असतं, म्हणून किल्ली बदलता येत नाही आणि रीसेटही नाही. ताई, वाईट वाटतं सांगायला, पण हा धूमकेतू सोडून द्या. त्याआधी नोटबुकमधल्या सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घ्या, दोन्ही मशीनवरच्या.

माझ्या ताऱ्याखाली ग्रह काढून देतो तुम्हाला. पैशांचा प्रश्न नाही.

पोवईनाका

मध्येच बोलतो. अर्बिट ज्याने सुरू केलं त्या कर्टिस यार्विनचं लोकशाहीविरोधी लिखाण जगजाहीर आहे. दीर्घिका, तारे, ग्रह अशी ही नावांची उतरंडही त्याच डोक्यातून आलेली. गल्लीच्या कामासाठी हे घ्यावं का, याचा विचार करा.

माहुली_संगम

रास्त मुद्दा आहे, आणि मला त्याचं लिखाण अजिबात पटत नाही. तो २०१९ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडला होता, २०२४ मध्ये परत आला, हेही खरं. माझं मत एवढंच: कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, मी चालवतो त्या प्रतीवर त्याचा हात नाही. उतरंडीबद्दल म्हणाल तर दीर्घिका २५६, त्यांच्याखाली साधारण ६५ हजार तारे, आणि ग्रह ४ अब्जांच्या वर. नावं मर्यादित ठेवली म्हणजे कचरा पाठवणाऱ्याला दर वेळी नवं नाव फुकट मिळत नाही, हा त्यामागचा विचार. ग्रहाला तारा पटला नाही तर तो दुसऱ्या ताऱ्याकडे जाऊ शकतो. ताईंनी उद्या माझ्याकडून निघायचं ठरवलं तर मी अडवू शकत नाही. पण तुम्हाला हे नको वाटत असेल तर ते मी समजू शकतो.

वसतिगृह_७

ताई, बोर्डापेक्षा लॅपटॉपच बरा. त्याला स्वतःची बॅटरी असते, लाईट गेली तरी दोन तास चालतो. बोर्डावरचं मेमरी कार्ड सतत लिहून लिहून झिजतं आणि अर्बिट प्रत्येक घटना डिस्कवर लिहितंच. बोर्डच वापरायचा असेल तर त्याला एसएसडी लावा. विजेचं म्हणाल तर १५ वॉट धरले तरी महिन्याला ११ युनिटच्या आत.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो तेवढं बंद करायला विसरू नका. सिस्टमडीच्या लॉगिनडी कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच' ला 'इग्नोर' द्यायचं. मी हे केलं नव्हतं, आठवडाभर रोज रात्री माझं जहाज गायब व्हायचं.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉप जागा आणि राउटर झोपलेला, असं असून उपयोग नाही.

गावभाग

लाईट अचानक गेली तर डेटा बिघडतो का? आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तीनदा जाते.

माहुली_संगम

याच बाबतीत मला अर्बिट मनापासून आवडतं. जहाजाची आजची स्थिती म्हणजे त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या घटनांची बेरीज. प्रत्येक घटना आधी डिस्कवरच्या नोंदवहीत पक्की होते, मगच तिचा परिणाम बाहेर जातो. लाईट मध्येच गेली तर घटना एक तर पूर्ण झालेली असते किंवा घडलेलीच नसते, अर्धवट काही उरत नाही. पुन्हा सुरू केलं की स्थितीच्या शेवटच्या साठवलेल्या चित्रापासून पुढच्या घटना वाचून जहाज होतं तिथे येतं. डिस्कच खराब झाली तर मात्र इलाज नाही.

ती नोंदवही वाढत जाते. 'रोल' आणि 'चॉप' या आज्ञांनी तिचा जुना भाग कापता येतो. मेमरी भरत आली तर '|पॅक' आणि '|मेल्ड'. मूळ मर्यादा २ जीबीची आहे, म्हणून फोटो त्यात कोंबू नका. पुराचे फोटो वेगळ्या साठवणीत ठेवा आणि इथे फक्त दुवा द्या.

वसतिगृह_७

आणि स्थिर पत्त्याचं म्हणालात ना, राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुमच्यासारखी अनेक घरं एकाच पत्त्यामागे आहेत. बाहेरून कुणी थेट तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. अर्बिटच्या जहाजांना त्याची फारशी अडचण होत नाही. पहिला निरोप ताऱ्यामार्फत किंवा दीर्घिकेमार्फत जातो, आणि जमलं तर पुढे दोन्ही जहाजं थेट बोलतात. घराबाहेरून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं जहाज उघडायचं असेल तेवढ्यासाठी वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखी खासगी वाट (व्हीपीएन) लागेल.

हळदपेठ

पावतीपुस्तकाचं उदाहरण पटलं. आता मी विरोधाला विरोध करत नाही, पण एक गोष्ट राहते. गट ज्या जहाजावर आहे ते बंद पडलं तर नव्या नोंदी होणार नाहीत ना? मग पूर आला की सर्वात आधी गावभागातली लाईट जाणार आणि सर्वात आधी तुमचीच वही बंद पडणार. २०१९ ला आमच्या भागात मोबाइललाही रेंज नव्हती.

गावभाग

हे मला सुचलंच नव्हतं. खरंच आभार.

माहुली_संगम

बरोबर आहे त्यांचं. गटाचं जहाज पाण्याच्या वाटेत ठेवू नका. उंचावर कुणी आहे का तुमचं?

गावभाग

बहीण विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर.

(पाच दिवसांनी)

झालं. सगळं क्रमाने लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

माहुलीच्या दादांनी दुवा पाठवला. तो ब्रिजच्या (ग्रहांची मालकी सांभाळायच्या वेबसाइटच्या) पानावर उघडला आणि ग्रह माझ्या नावावर घेतला. तिथे एक पासपोर्ट उतरवायला मिळतो. त्यात मास्टर तिकीट असतं, काही अर्थहीन शब्दांची ओळ. तीच खरी मालकी. ती ज्याच्या हाती तो जहाजाचा मालक, आणि हरवली तर परत देणारं कुणी नाही. मी ती दोन कागदांवर हाताने लिहिली आणि वाचून ताडून पाहिली. एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बहिणीकडे, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये. आमच्या घरात एकही ठेवला नाही. मोबाइलमध्ये फोटोही काढला नाही.

मग किल्लीची फाइल उतरवली आणि 'वजा डब्ल्यू' पुढे ग्रहाचं नाव, 'वजा के' पुढे फाइलची वाट देऊन सुरू केलं. धूमकेतूसारखी किल्ल्या पाडायची वाट बघावी लागली नाही. सुरू झाल्यावर किल्लीची फाइल लगेच पुसली. ती फक्त पहिल्यांदाच लागते, आणि पडून राहिली तर पुन्हा कुणीतरी, म्हणजे मीच, तिच्यावरून दुसरं जहाज सुरू करण्याचा धोका. दुसऱ्या वेळेपासून फक्त 'अर्बिट' आणि फोल्डरचं नाव.

नाव चारच अक्षरगटांचं आहे, फोनवर सांगता येतं. आईने एकदा ऐकून पाठ केलं.

लॅपटॉप घरीच सुरू करून दोन दिवस पाहिला. मग '|एक्झिट', झाकण मिटलं आणि तो तसाच स्कूटरवर पुढे ठेवून विश्रामबागेत नेला. मशीन तेच असल्याने कॉपीचा प्रश्नच आला नाही. बोर्डावरचा जुना धूमकेतू पुसला. पुसताना हात थांबला होता, पण आधी दोन्हीकडच्या नोंदी मजकुरात उतरवल्या होत्या, त्यात एकही राहिली नाही. सगळ्या नव्या नोटबुकात परत लिहिल्या.

हळदपेठ, तुमचं ऐकून आणखी एक केलं. रोज संध्याकाळी दिवसाच्या नोंदी छापून कोपऱ्यावरच्या दुकानाच्या माडीवर लावायच्या. पाणी वाढायला लागलं की दिवसातून दोनदा. जहाज बंद पडलं तर त्या कागदापासून पुढे हाताने लिहायचं. दुकानदारकाकांनी खिळा ठोकूनही दिला.

मिरजेची_तार

मी जुन्या धूमकेतूवरूनच गटात आले. आज सकाळपासून तिच्या सगळ्या नोंदी क्रमाने येतायत. माझा धूमकेतूही बदलायला हवा का?

माहुली_संगम

चालू आहे तोवर राहू दे. काही गट धूमकेतूंना आत घेत नाहीत, आणि हरवला तर कायमचा. पण घाई नाही. ग्रह हवा तेव्हा सांगा.

हळदपेठ

मी जहाजबिहाज घेणार नाही, पण त्या छापील नोंदींसाठी रोज मार्केट यार्डातून येताना पुलावरची पातळी बघून सांगत जाईन. दुपारी एक आणि संध्याकाळी सातला.

गावभाग

लिहून घेतलं. माहुलीचे दादा, तुम्हालाही गटात बोलावणं पाठवलंय.

माहुली_संगम

आलो. कृष्णेचं पाणी तुमच्या आधी आमच्या दारावरून जातं. धोम आणि कण्हेरमधून पाणी सोडल्याचं जाहीर झालं की त्याच तासाला नोंद करेन. पुढे कराडला कोयना मिळते, तिथलं बघणारं कुणी आहे का या धाग्यावर?